परदेशात धर्मप्रचारक म्हणून रुळताना : त्रिनिदादमधील पहिले सहा महिने

पीतवस्त्र (धागाकर्ता)

सर्वांना सादर नमस्कार.

मी मूळचा इंदूरचा, लोकमान्य नगरात वाढलेला. अभियांत्रिकीची पदवी आणि दोन वर्षांची नोकरी झाल्यावर मी एका वेदान्त-संस्थेच्या आश्रमात दाखल झालो, तेथील निवासी अभ्यासक्रम पुरा केला, ब्रह्मचर्यदीक्षा घेतली आणि गुरुजींच्या आज्ञेने गेल्या मार्चमध्ये त्रिनिदादला आलो. माझे वय २७ आहे. चग्वानास शहराजवळच्या एका गावात संस्थेचे लहानसे केंद्र आहे. रविवारचा सत्संग, मुलांचा वर्ग, आठवड्यातून दोनदा गीतापाठ आणि घरोघरच्या भेटी एवढे माझे काम. इंग्रजीत अशा माणसाला मिशनरी म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाला वेगळा वास असल्यामुळे तो स्वतःला लावून घ्यायला मी बिचकतो, पण दुसऱ्याच्या देशात बिनपगारी धर्म शिकवायला गेलेला तरुण या अर्थाने तो मला लागू पडतो, हे नाकारण्यात हशील नाही.

प्रथम येथील परिस्थिती थोडक्यात सांगतो. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय मजूर करारावर या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत आणले गेले. त्यांतले बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातले सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आणि १८ टक्के हिंदू आहेत. अंगणात बांबूंवर झेंड्या फडकताना दिसल्या की ते हिंदूचे घर समजावे; लाल झेंडी हनुमंताची. भेटल्यावर लोक 'सीताराम' म्हणतात. येथे यज्ञ म्हणजे गावात मांडव घालून अनेक रात्री चालणारी रामायणाची किंवा भागवताची कथा, आणि कथेनंतर सोहारी नावाच्या रुंद पानावर वाढलेले जेवण. त्यात भात, चणे-बटाटे, भोपळा, आंब्याची भाजी आणि तव्यावरच उलथन्यांनी फाडून मऊ केलेला पराठा असतो. त्या पराठ्याचे येथले नाव 'बसप शट' आहे, म्हणजे फाटका सदरा. बोलभाषा म्हणून भोजपुरी आता जवळजवळ गेली आहे. उरले आहेत ते नात्यांचे आणि स्वयंपाकघरातले शब्द. वडिलांच्या आईला येथे 'आजी' म्हणतात. विमानतळावर मला न्यायला आलेल्या मुलाने गाडीत बसल्यावर "आजी तुमची वाट पाहत आहे" असे इंग्रजीत सांगितले, तेव्हा क्षणभर मला लोकमान्य नगरातच उतरल्यासारखे वाटले.

जेवणाखाण्याची किंवा हवेची माझी तक्रार नाही. जून ते डिसेंबर पाऊस, उरलेले महिने कोरडे आणि बाराही महिने उकाडा. आईने आग्रहाने दिलेला लोकरी स्वेटर पेटीच्या तळाशी आहे तसाच आहे. परदेश म्हणजे थंडी, ही आपल्या घरांतली समजूत विषुववृत्ताजवळच्या बेटांनी कितीही खोटी पाडली तरी जायची नाही.

अडचण वेगळीच आहे, आणि ती नीट मांडता येईल की नाही याची मला शंका आहे. माझ्या दुप्पट-तिप्पट वयाची माणसे माझ्या पाया पडतात, माझ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवतात, ताट आधी वाढतात आणि मी जेवत असताना अदबीने उभी राहतात. माझ्या वयाची मुले मी आलो की आवाज खाली आणतात. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टोळक्याने उगाच गप्पा मारत बसण्याला येथे 'लाइम' करणे म्हणतात. आपल्या पोहे-जिलेबीच्या बैठकीचेच ते भावंड. सहा महिन्यांत मला एकदाही कोणी लाइमला बोलावलेले नाही. सगळे मला स्वामीजी म्हणतात. मी ब्रह्मचारी आहे, म्हणून माझी वस्त्रे पिवळी आहेत, भगवी संन्याशाची असतात, हे मी तीनदा समजावले आणि मग नाद सोडला.

घरीही तेच झाले आहे. दीक्षेच्या दिवशी आईने वाकून मला नमस्कार केला. तेव्हापासून ती फोनवर क्रियापदच टाळते. "जेवलास का?" असे तिला म्हणवत नाही आणि "जेवलात का?" असे तिच्या तोंडून येत नाही, म्हणून ती "जेवण झालं?", "झोप होते ना?", "तब्येत बरी?" असे विचारते. येथल्या रात्री ९ ला इंदूरला दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिचा चहा उकळत असल्याचा आवाज मला ऐकू येतो, आणि आम्ही दोघेही व्याकरण सांभाळत बोलतो.

प्रवचनांना लोक येतात आणि शांतपणे बसतात. काम व्यवस्थित चालले आहे, असे अहवालात लिहिता येईल. परंतु मी येथे रुळलो आहे का, असे कोणी विचारले तर मला उत्तर देता येणार नाही. आपल्यापैकी जे अशा कामासाठी परदेशी राहिले आहेत किंवा ज्यांच्या घरचे कोणी राहिले आहे, त्यांनी अनुभव सांगावा, अशी विनंती आहे.


रामबागकर

आपले निवेदन दोनदा वाचले. मी इतिहासाचा निवृत्त अध्यापक असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आपण ज्या बेटावर आहात त्याचा आणि इंदूरचा धर्मप्रचाराच्या इतिहासात जुना संबंध आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने १८६८ मध्ये जॉन मॉर्टन या पाद्र्याला त्रिनिदादला पाठवले. मळ्यांवरच्या भारतीय मजुरांची मुले शिकत नाहीत हे पाहून त्यांनी आयेरे व्हिलेज येथे शाळा सुरू केली आणि पुढे अशा शाळांचे जाळे उभे राहिले. त्याच कॅनेडियन प्रेस्बिटेरियनांनी १८७७ मध्ये मध्य भारतात काम सुरू केले, आणि आपले इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ मध्ये निघाले ते त्यांच्याच प्रयत्नांनी. कॅनडाच्या बर्फातून निघालेली माणसे एकीकडे आपल्या गावात आणि दुसरीकडे आपल्या आजच्या गावात जाऊन बसली होती.

त्यांच्या हेतूंविषयी येथे वाद घालण्याची माझी इच्छा नाही. माझे लक्ष त्यांच्या पहिल्या वर्षाकडे आहे. मॉर्टन इंग्रजांच्या वसाहतीत इंग्रजी बोलून भागवू शकले असते. तरी ते मजुरांसाठी हिंदी शिकले. विल्यम केरी हे इंग्रज पाद्री तर राहत होते बंगालमध्ये, पण १८०५ मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. शिकवायला निघालेला माणूस आधी शिकाऊ होतो, तेव्हा त्याच्या चुकांना लोक हसतात, आणि जो हसण्याजोगा आहे त्याच्याजवळ बसता येते. आपण इंग्रजी उत्तम बोलत असणार आणि संस्कृतही शुद्ध म्हणत असणार. मग तेथील लोकांना आपल्याला काही शिकवण्याची संधी मिळाली आहे का?

दुसरे, विवेकानंदांचे २० ऑगस्ट १८९३ चे पत्र मिळवून वाचावे. ३१ मे रोजी मुंबईहून निघालेले स्वामी तेव्हा बॉस्टनजवळच्या एका शेतघरात उतरले होते. पैसे झपाट्याने संपत होते, थंडीचे कपडे नव्हते, रस्त्यावर पोरे त्यांच्या पोशाखाची हुर्यो उडवत होती, आणि परत जावे असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते. सर्वधर्मपरिषद ११ सप्टेंबरला भरली. आपण सगळे त्या ११ तारखेपासूनच मोजायला लागतो. आधीचे आठवडे कोणी मोजत नाही.

आणि एक खोचक प्रश्न, वयाचा अधिकार गाजवून. श्रोते शांतपणे बसतात, असे आपण लिहिले आहे. ते का शांत बसतात, हे लिहायचे राहून गेले आहे की टाळले आहे?


सुदामानगरची आजी

मी तुला आपण-बिपण म्हणणार नाही. माझा नातू तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

तुझ्या आईचे दुःख मला कळते आणि तिचा घोळही कळतो. तुझी मुंज आठव. मातृभोजनात तू आईच्या ताटात जेवला असशील, आणि त्यानंतर पहिली भिक्षा तिच्याचकडे मागितली असशील. 'भवति भिक्षां देहि' यातले 'भवति' म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. बटू झाल्यावर आदरार्थी बोलायचे असते ते मुलाने आईशी. आईने मुलाशी तसे बोलावे, असे कोणत्या शास्त्रात आहे, ते मला दाखव. शंकराचार्य संन्यासी झाले, पण आईचे अंत्यकर्म करायला परत आले, ही कथा तू लोकांना सांगत असशील. तू तर अजून संन्यासीही नाहीस. पुढच्या फोनवर तिला स्वच्छ सांग की मला तू म्हण. ती स्वतःहून म्हणणार नाही, कारण तिला वाटते की तसे म्हटले तर तुझ्या व्रताला बाधा येईल.

आणखी एक. आमच्या घरी नाना महाराज तराणेकरांमुळे रोज संध्याकाळी करुणात्रिपदी ही दत्ताची प्रार्थना म्हटली जाते. तुमच्याकडे ती असेल तर तिकडेही दिवेलागणीला म्हणत जा. वेदान्त तू लोकांसाठी बोलतोस, स्वतःसाठी काहीतरी लहानपणचे ठेवावे.


दशग्रंथी

मी प्रचारक नाही, पुरोहित आहे. महाराष्ट्रातल्या एका वेदपाठशाळेत शिकलो आणि गेली चार वर्षे अमेरिकेतील एका मंदिरात आहे. आमचा मार्ग वेगळा असला तरी आपले दुखणे मला पुरते ओळखीचे आहे.

आमच्याकडे येण्यासाठी धार्मिक कार्यकर्त्यांचा वेगळा व्हिसा असतो. तो एका वेळी जास्तीत जास्त ३० महिन्यांचा मिळतो आणि सगळे मिळून ५ वर्षांच्या पुढे जात नाही. तो ज्या मंदिराच्या नावे आहे त्याच मंदिराशी माणूस बांधला जातो. काम सोडले तर त्या आधारावर देशात राहता येत नाही. त्यामुळे भक्त पाया पडतात आणि विश्वस्त वेळापत्रक ठरवतात, अशी दुहेरी अवस्था होते. मी पहिली दोन वर्षे मंदिराच्या तळघरातल्या खोलीत राहिलो. सुट्टीचा वार ठरलेला नव्हता. देवाला सुट्टी नसते, असे एका विश्वस्तांनी मला ऐकवले होते. देवाला नसेलही, पण देव पहाटे उठून बर्फ उपसत नाही. प्रत्येक नव्या मुलाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो की आठवड्याचा एक दिवस आणि राहण्याची जागा या दोन गोष्टी निघण्यापूर्वी कागदावर घ्या. आपण बिनपगारी असाल तर आपल्याला ते अधिकच लागू आहे, कारण ज्याला पगार नाही त्याचे तासही कोणी मोजत नाही.

रामबागकर सरांच्या मुद्द्याला माझी साक्ष आहे. आमच्या मंदिरात तेलुगू आणि तमिळ भक्त अधिक. मी आलो तेव्हा मला वेंकटेश सुप्रभातम् पाठ नव्हते. एका तेलुगू बाईंनी रोज पहाटे गाभाऱ्याबाहेर उभे राहून माझे उच्चार दुरुस्त केले. त्या आजही सगळ्यांदेखत मला चूक दाखवतात, आणि त्या मंदिरात मी खरोखर ओळखतो अशा त्या एकट्याच आहेत. होमाचा धूर झाला की आगीची घंटा वाजते, म्हणून मोठे होम आम्ही गाड्या लावायच्या जागेत करतो. तेथे शेजारचा न्हावी पाहायला येऊन उभा राहायचा. माझी शेंडी का कापायची नाही, हे त्याला समजावताना आमची मैत्री झाली. मी कोण आहे याचे त्याला अजूनही पुरते आकलन नाही. महिन्यातून एकदा त्याच्या खुर्चीत बसतो तेव्हा मी कोणाचाही गुरुजी नसतो, फक्त गिऱ्हाईक असतो. असा एक माणूस आपल्या भक्तमंडळाच्या बाहेर शोधावा.


शंकासुर

मी स्पष्ट विचारतो, राग मानू नये. जे लोक सात-आठ पिढ्या समुद्रापार राहूनही हिंदू राहिले, ज्यांनी झेंड्या लावल्या आणि रामायण टिकवले, त्यांना इंदूरहून गेलेल्या २७ वर्षांच्या मुलाने नेमके काय शिकवायचे? इंदूरपासून काही तासांवर झाबुआ-अलीराजपूर आहे. तेथे जाऊन शाळेत गणित शिकवले असते तर आई 'तू'च म्हणाली असती. परदेशी नेमणूक मिळाली की ती गुरुची आज्ञा आणि झाबुआची मिळाली की ती शिक्षा, असे मी अनेक संस्थांत पाहिले आहे.


पीतवस्त्र (धागाकर्ता)

सर्वांचा आभारी आहे. रामबागकर सरांच्या खोचक प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण शंकासुर यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

पहिल्या रविवारी मी तत्त्वबोध या वेदान्ताच्या प्रवेशग्रंथावर बोललो. साधनचतुष्टय, विवेक, वैराग्य वगैरे सगळे इंग्रजीत, आश्रमात शिकलो त्याच क्रमाने. सुमारे चाळीस माणसे होती आणि एकही खोकली नाही. मी ते समाधान समजलो. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रविवारीही तसेच झाले. पाचव्या रविवारी, ज्यांच्या घरून मला रोजचा डबा येतो त्या आजी प्रसाद घेताना म्हणाल्या, "बेटा, बोलतोस छान. पण हे रामायणात कुठे येते ते सांगत जा, म्हणजे आम्हाला धरता येईल." आणि मला सांगता आले नाही. मी घरी दासबोध ऐकत वाढलो, आश्रमात उपनिषदे शिकलो. तुलसीदासांचे रामचरितमानस मी कधी सलग वाचलेलेच नव्हते. इंदूरला चारही बाजूंनी हिंदी असताना ते आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाही, ही आम्हा मराठी मंडळींची एक खास कमाई आहे. येथे तर सगळा धर्म त्या ग्रंथावर उभा आहे. देवनागरी येत नाही म्हणून लोक रोमन लिपीत छापलेली प्रत पुढ्यात घेतात आणि ढोलक, हार्मोनियम व धनताल यांच्या साथीवर चौपाया गातात. धनताल म्हणजे उभी लोखंडी सळई. तिच्यावर नालेच्या आकाराच्या तुकड्याने ठोका देतात. अर्थ अनेकांना येत नाही, पण चाल एकाचीही चुकत नाही.

म्हणून शंकासुर, आपला प्रश्न मला अपमानकारक वाटला नाही. तो मी स्वतःला रोज विचारतो. मला बोलावले ते येथल्या पालकांनी. त्यांची मुले शाळा-कॉलेजांत 'का' असे विचारतात, आणि आजी-आजांना 'कसे' ते सगळे माहीत असले तरी 'का' सांगता येत नाही. तेवढ्यापुरता माझा उपयोग आहे. झाबुआविषयी आपण म्हणता ते मला नाकारता येत नाही; मला तेथे पाठवले असते तर मी गेलो असतो, असे मी म्हणेन, पण ते सिद्ध करण्याचा मार्ग माझ्याजवळ नाही.

या लोकांनी धर्म कसा राखला हे पाहिले की बोलण्याचा आवाज आपोआप खाली येतो. येथून जवळच वॉटरलूच्या किनाऱ्यावर समुद्रात एक मंदिर आहे. सिवदास साधू या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर मंदिर बांधले. जमीन साखर कंपनीची होती, म्हणून ते पाडले गेले आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. जमीन कोणाची तरी असते, समुद्र कोणाचा नसतो, असा विचार करून त्यांनी सायकलवरून दगडमाती वाहत समुद्रात भराव घातला आणि पंचवीस वर्षांच्या आसपास एकट्याने हे काम चालवले. आजचे मंदिर त्याच जागी १९९५ मध्ये नव्याने उभे राहिले. हिंदू पद्धतीने लागलेल्या लग्नाला येथे १९४५ च्या कायद्यापर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. माझ्यासमोर बसणाऱ्या काही वृद्धांची जन्मनोंद अनौरस म्हणून झालेली आहे. त्यांना मी वैराग्य शिकवत होतो.

सुदामानगरच्या आजींना साष्टांग नमस्कार. 'भवति'चा अर्थ मी शंभरदा मुलांना सांगितला असेल, पण तो माझ्या फोनला लागू पडतो हे लक्षात आले नव्हते. करुणात्रिपदीचेही ऐकले. एक गंमत सांगतो : कॅरापिचायमा येथे दत्तात्रेयाचे मंदिर आहे आणि त्याच्या आवारात ८५ फुटांची हनुमंताची मूर्ती आहे. मंदिराची घडण दाक्षिणात्य आहे, पूजाही त्या पद्धतीची, पण दत्त तो दत्तच. परवा तेथे एका कोपऱ्यात बसून हळू आवाजात म्हटली.


भाचा

आमचे कुटुंब मूळचे वसईचे, कॅथलिक; वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे इंदूरचे झालो. माझी मावशी नन आहे आणि १४ वर्षे पापुआ न्यू गिनीत होती. तिची एक गोष्ट येथे सांगणे मला योग्य वाटते.

तिच्या संघाने पहिले सहा महिने तिला कोणतेच काम दिले नाही. बाजारात जायचे, भाजी विकणाऱ्या बायकांत बसायचे आणि टोक पिसिन ही तिथली सामायिक भाषा शिकायची, एवढेच. मावशी परिचारिका होती, दवाखान्यात हात कमी होते, तरीही नाही. तेव्हा तिला त्याचा अतिशय राग आला होता.

टोक पिसिनमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' यांना वेगळे शब्द आहेत : ऐकणाऱ्याला वगळून 'मिपेला' आणि धरून 'युमी'. इंग्रजीत हा भेद नाही, हिंदीतही नाही. त्यामुळे तिच्याबरोबरच्या आयरिश आणि झारखंडच्या सिस्टरांना तो अवघड गेला आणि मराठी मावशीला पहिल्याच दिवशी कळला. कळूनही ती वर्षभर 'मिपेला' म्हणत राहिली : आम्ही दवाखाना चालवतो, आम्ही रविवारी प्रार्थना करतो. एकदा एका बाईने भर बाजारात तिला अडवले आणि विचारले की तुम्ही म्हणजे कोण, आणि आम्ही त्यात का नाही? मावशी सांगते की व्याकरण तिला आधीच येत होते. चूक व्याकरणाची नव्हती.

दशग्रंथींच्या मताशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. मावशीला भक्तमंडळाच्या बाहेरचा माणूस शोधावा लागला नाही, कारण त्या गावात तसे 'बाहेर' नव्हतेच. सगळे गाव एकाच चर्चमध्ये यायचे. तिला आधार मिळाला तो एकत्र राहणाऱ्या चार सिस्टरांचा, ज्या तिच्याशी रोज भांडी घासण्यावरून भांडत. नव्या, कोवळ्या माणसाला एकट्याने केंद्रावर ठेवणे ही व्यवस्थेची चूक आहे, असे माझे मत आहे, आणि ते ब्रह्मचारीजींनी आपल्या गुरुजींना कळवावे.


दशग्रंथी

भाचा यांचे म्हणणे मान्य. आमच्याकडे दुसरा पुरोहित आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात तांदूळ किती शिजवावा यावरून आमचे वाजले, आणि त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली.


छप्पनवाला

धर्मातले मला कळत नाही, पण माणूस त्रिनिदादला सहा महिने राहतो आणि क्रिकेटचा उल्लेख करत नाही, हे इंदूरच्या माणसाला शोभत नाही. ज्या गावाने होळकरांचा संघ चार वेळा रणजी करंडक जिंकताना पाहिला आणि जेथे सी. के. नायडू राहिले, त्या गावचे आपण. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर १९७१ मध्ये भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले आणि गावसकर तेथेच पदार्पण करून ६५ व नाबाद ६७ काढून आले. तेथेच १९७६ मध्ये आपण चौथ्या डावात ४०० च्या वर धावा करून जिंकलो. फिरकी गोलंदाज सोनी रामाधीन त्याच बेटावरचे. तुमच्या गावातली पोरे संध्याकाळी काहीतरी खेळत असतीलच. धोतर खोचा आणि जा.


पीतवस्त्र (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

गुरुजींना पत्र लिहिले. भाचा यांचा मुद्दा माझा म्हणून न मांडता, तो जेथून मिळाला ते सांगूनच मांडला. नाताळनंतर दुसरा ब्रह्मचारी पाठवण्याचा विचार करू, असे उत्तर आले आहे. गुरुवार मोकळा ठेवण्याची परवानगी मात्र लगेच मिळाली.

छप्पनवाला, मुले येथे विंडबॉल नावाच्या हलक्या चेंडूने खेळतात. पहिल्या दिवशी मला कोणी बाद करायलाच तयार होईना. उडालेला सोपा झेल एका मुलाने मुद्दाम सोडला, आणि ते इतके उघड होते की मी स्वतःच मैदानाबाहेर निघालो. दुसऱ्या गुरुवारी एका बारा वर्षांच्या मुलाने माझी मधली यष्टी उडवली, आणि नंतर घाबरून आजीकडे जाऊन विचारले की पाप लागेल का. आजींनी त्याला काय सांगितले ते कळले नाही, पण पुढच्या गुरुवारी त्याने पुन्हा उडवली.

रविवारचे प्रवचन मी सध्या थांबवले आहे. त्याऐवजी आजी, त्यांचे शेजारी आणि ढोलक वाजवणारे काका मानसातला एक भाग गातात आणि मी शेवटी दहा मिनिटे त्यातल्या एखाद्या शब्दावर बोलतो. चालीवर गाताना मी हमखास मागे पडतो. आजी धनतालाची सळई माझ्या दिशेने जरा जोरात वाजवतात, ती खूण मला आता समजते. एका जुन्या कार्यकर्त्यांना हा बदल रुचलेला नाही. वेदान्ताच्या केंद्रात भजनी मंडळ कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असेही मला वाटत नाही. तत्त्वबोध कधीतरी परत आणावाच लागेल.

आईला सांगितले. सुदामानगरच्या आजींचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग दुधावर लक्ष ठेवायचे आहे म्हणून तिने फोन ठेवला. पुढचे दोन फोन पुन्हा क्रियापदांशिवायच झाले. काल तिने विचारले, "तो स्वेटर तसाच ठेवलायस का रे? ऊन दाखव त्याला, नाहीतर कसर लागेल."

आता एक मदत हवी आहे. दिवाळीनंतर गावात नऊ रात्रींचा यज्ञ आहे आणि त्यातल्या एका रात्री मी बोलावे, असे ठरले आहे. मानसाची देवनागरी मूळ पाठ आणि मराठी अर्थ शेजारी शेजारी असलेली, जाड टाइपाची प्रत कोणाकडे असल्यास किंवा राजवाड्याच्या बाजूला कुठे मिळत असल्यास कळवावे. येथे येणारी एक मुलगी पुढच्या महिन्यात तिच्या काकांना भेटायला भारतात जाणार आहे. तिच्याबरोबर ती प्रत मागवता येईल.


रामबागकर

माझ्याकडे आहे. पहिली काही पाने सुटी झाली आहेत; बांधून घेतो आणि आपल्या आईकडे पोहोचवतो.